जन्मवर्षावर चालणारी हॉकी : कॅनडाच्या ज्युनिअर लीगचा एक हंगाम

सस्कॅचेवान प्रांतातील मूस जॉ या लहान शहराच्या ‘वॉरियर्स’ संघाने २०२४ मध्ये चार दशकांच्या प्रतीक्षेनंतर वेस्टर्न हॉकी लीगचे आपले पहिले विजेतेपद मिळवले आणि लगेच पुढच्या, म्हणजे २०२४-२५ च्या हंगामात त्याच संघाला बाद फेरीतही प्रवेश मिळाला नाही. प्रौढांच्या व्यावसायिक खेळात अशी घसरण झाली असती तर चौकशा बसल्या असत्या आणि प्रशिक्षकाची गच्छंती झाली असती. ज्युनिअर आइस हॉकीत मात्र ही घसरण विजेतेपद हाती येण्यापूर्वीच हिशेबात धरलेली असते, कारण ज्यांच्या बळावर ते मिळते त्या खेळाडूंपैकी अनेकांचे ज्युनिअर हॉकी खेळण्याचे वय तेव्हाच सरत आलेले असते आणि उरलेल्यांपैकी काहींना दुसऱ्या संघाकडे सोपवून त्यांच्या बदल्यात तरुण खेळाडू मिळवणे संघाच्या हिताचे असते.

म्हणूनच या लीगचा हंगाम समजून घ्यायचा असेल तर गुणतालिकेच्या आधी खेळाडूंची जन्मवर्षे पाहावीत. या खेळातील जवळपास प्रत्येक नियम, मग तो निवडीचा असो, अदलाबदलीचा असो किंवा अंतिम स्पर्धेचा, शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन पोहोचतो : या मुलाच्या हाती आणखी किती हंगाम आहेत?

तीन लीग, एक छत्र

कॅनडात सर्वांत वरच्या दर्जाची ज्युनिअर हॉकी ‘कॅनेडियन हॉकी लीग’ या छत्राखाली खेळली जाते. नाव एका लीगचे असले तरी प्रत्यक्षात ती तीन स्वतंत्र लीगची संघटना आहे. पश्चिमेकडील प्रांतांसाठी वेस्टर्न हॉकी लीग, ओंटारियोसाठी ओंटारियो हॉकी लीग आणि पूर्वेकडे क्यूबेक व अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांसाठी क्यूबेक मॅरिटाइम्स ज्युनिअर हॉकी लीग अशी ती विभागणी आहे. २०२५-२६ च्या हंगामात पश्चिमेकडे २३, ओंटारियो लीगमध्ये २० आणि क्यूबेक लीगमध्ये १८ असे एकूण ६१ संघ होते. त्यांपैकी काही संघ सीमेपलीकडे अमेरिकेतही आहेत. पश्चिमेकडे सिअ‍ॅटल, पोर्टलंड किंवा स्पोकेन आणि ओंटारियो लीगमध्ये एरी, फ्लिंट व सॅगिनॉ. पश्चिमेकडील आणि ओंटारियोतील संघ साखळीत प्रत्येकी ६८ सामने खेळतात, तर क्यूबेक लीगने ती संख्या कमी करून ६४ वर आणली आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू झालेले हे सामने मार्चच्या उत्तरार्धापर्यंत चालतात, त्यानंतर मेच्या मध्यापर्यंत बाद फेऱ्या होतात आणि शेवटी तिन्ही लीगचे विजेते एका सामायिक स्पर्धेसाठी, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी, एकत्र येतात.

मैदानावरचा खेळ थोडक्यात सांगता येईल. बर्फाची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते, २० मिनिटांचे तीन खंड असतात आणि एका वेळी प्रत्येक बाजूने एक गोलरक्षक व पाच स्केटर खेळतात. दमछाक इतकी होते की एक गट साधारण पाऊण मिनिट खेळून खेळ सुरू असतानाच दुसऱ्या गटासाठी जागा रिकामी करतो. त्यामुळे एक-दोन तारे असलेल्या संघापेक्षा ज्याचे तीन-चार गट सारख्या ताकदीचे आहेत, तो संघ लांबच्या हंगामात टिकतो.

सोळा ते वीस

या लीगमध्ये १६ ते २० या वयोगटातील मुले खेळतात आणि गट ठरतो तो जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून. २०२५-२६ च्या हंगामात सर्वांत मोठी मुले २००५ सालची आणि नेहमीच्या नियमाने प्रवेश मिळणारी सर्वांत लहान मुले २००९ सालची होती. वरवर पाहता पाच जन्मवर्षांची मुले एकत्र खेळतात. पण सोळा वर्षांचा मुलगा आणि वीस वर्षांचा तरुण यांच्या अंगातल्या ताकदीत जो फरक असतो, तो बर्फावर धडक बसल्यावरच नीट कळतो. वीस वर्षांच्या खेळाडूंनी संघ भरून टाकले तर लहानांना जागाच मिळणार नाही, म्हणून प्रत्येक संघाला वीस वर्षांचे फक्त तीन खेळाडू ठेवता येतात. त्यांना ‘ओव्हरएज’ म्हणतात. हंगामाच्या आरंभी एखाद्या संघाकडे असे चार-पाच खेळाडू असतात आणि ठरावीक मुदतीपर्यंत त्यांतील तिघांनाच ठेवायचे असते. कालपरवापर्यंत संघाचा कर्णधार असलेल्या मुलाला ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या शहराची वाट धरावी लागते, ती याच नियमामुळे. परदेशी खेळाडूंच्या संख्येवरही मर्यादा आहे. पश्चिमेकडील लीगमध्ये वीस वर्षांचा परदेशी खेळाडू दोन्ही मर्यादांत मोजला जात असल्याने त्याला ठेवताना व्यवस्थापक दहादा विचार करतात. परदेशी गोलरक्षकांवर तर २०१३ मध्ये निवडबंदीच घातली गेली होती, ती २०१८ मध्ये उठवली गेली. देशी गोलरक्षकांना संधी मिळावी हा तिचा हेतू होता.

खालच्या टोकाला एक अपवाद आहे. असामान्य गुणवत्तेच्या मुलाला पंधराव्या वर्षी पूर्ण हंगाम खेळण्याची विशेष परवानगी मिळू शकते. ओंटारियो लीगने ही वाट २००५ मध्ये जॉन टवारेससाठी खुली केली आणि नंतर कॉनर मॅकडेव्हिड (२०१२) व पश्चिमेकडील लीगमध्ये कॉनर बेडार्ड (२०२०) यांच्यासारखी मोजकी मुले तिच्यावरून आली. टवारेसने सोळाव्या वर्षीच्या हंगामात ७२ गोल केले आणि त्या वयात वेन ग्रेट्स्कीने केलेल्या ७० गोलांचा विक्रम मोडला.

टवारेसचेच उदाहरण पुढे नेले तर तारखांचा हा खेळ किती निर्दय आहे ते दिसते. नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल ही उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीग, दर वर्षी जूनच्या अखेरीस जो ड्राफ्ट (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम) घेते, त्यासाठी खेळाडूला त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. टवारेसचा जन्म २० सप्टेंबर १९९० चा. पाच दिवसांमुळे त्याचा ड्राफ्ट २००८ वरून २००९ वर गेला; ज्याला नियम वाकवून एक वर्ष लवकर आत घेतले, त्याला नियमावर बोट ठेवून एक वर्ष जास्त थांबवले गेले. अलेक्झांडर ओवेच्किन असाच दोन दिवसांनी हुकला होता. २००३ मध्ये फ्लोरिडाच्या संघाने लीप वर्षांचे जादा दिवस धरले तर तो पात्र ठरतो असा युक्तिवाद करून त्याला निवडण्याचा प्रयत्नही केला, पण लीगने तो मान्य केला नाही. कायदेपंडितांनी या संघाला नोकरी द्यायला हरकत नव्हती.

जन्ममहिन्याचा परिणाम तारांकित खेळाडूंपुरता मर्यादित नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या लीगमधील खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांची संख्या शेवटच्या तिमाहीत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळली. वयोगटाची रेषा १ जानेवारीला पडत असल्याने जानेवारीत जन्मलेला मुलगा आठ-नऊ वर्षांच्या वयात डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळपास वर्षभराने मोठा, म्हणून उंच आणि दणकट असतो. त्याला चांगल्या संघात घेतले जाते, चांगले प्रशिक्षक मिळतात, जास्त सामने मिळतात आणि आरंभी निव्वळ वयाचा असलेला फरक पुढे खऱ्या कौशल्याचा फरक होऊन बसतो. ज्युनिअर लीगपर्यंत पोहोचलेली मुले ही अशी आधीच चाळली गेलेली असतात.

घर सोडून खेळणे

या मुलांना आपला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य नसते. पश्चिमेकडील लीग त्या वर्षी पंधरा वर्षे पूर्ण करणाऱ्या आणि ओंटारियो लीग सोळा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलांचा ड्राफ्ट घेते; संघ क्रमाने नावे पुकारतात आणि ज्याने नाव पुकारले त्याचा त्या मुलावर लीगपुरता हक्क निर्माण होतो. कधी कधी मुलगाच नकार देतो. एरिक लिंड्रॉसला १९८९ मध्ये सू सेंट मरीच्या संघाने पहिल्या क्रमांकावर निवडले, पण त्याने तिथे जाण्याचे नाकारले. शेवटी त्याचे हक्क ओशावाच्या संघाकडे गेले आणि १९९० मध्ये त्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. असा नकार परवडतो तो फक्त फारच थोड्यांना.

निवड झालेला मुलगा बहुधा आपल्या घरापासून शेकडो किलोमीटर दूर, संघाच्या गावातील एखाद्या यजमान कुटुंबात राहतो. या कुटुंबांना ‘बिलेट’ म्हणतात. संघ त्यांना खर्चापोटी काही रक्कम देतो, पण सोळा वर्षांच्या, सतत भुकेल्या खेळाडूला पोसण्याचा खर्च त्यात भागतो असे कोणी म्हणत नाही; हे काम बरीचशी कुटुंबे हौसेने आणि वर्षानुवर्षे करतात. मुलगा सकाळी स्थानिक शाळेत जातो, दुपारी सराव करतो आणि आठवड्याच्या शेवटी दोन-तीन सामने खेळतो. लहान शहरांत तो शाळेच्या वर्गात जितका ओळखीचा असतो तितकाच किराणा दुकानातही असतो, ही गोष्ट त्याच्या वयाला पेलणारी असतेच असे नाही.

प्रवास हा या हंगामाचा मोठा, आणि आकडेवारीत न दिसणारा, भाग आहे. ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स जॉर्जहून व्हँकुव्हरला जायचे म्हटले तरी साडेसातशेहून अधिक किलोमीटरचा बसप्रवास होतो, आणि मॅनिटोबापर्यंत पसरलेल्या पश्चिम लीगमध्ये हे अंतर काही सर्वांत लांबचे नाही. हिवाळ्यातील रस्त्यांवरून रात्रीचा प्रवास करण्याची किंमत या खेळाने मोजलेली आहे. ३० डिसेंबर १९८६ रोजी स्विफ्ट करंट ब्राँकोज संघाची बस बर्फाळलेल्या महामार्गावरून घसरली आणि चार खेळाडू मरण पावले. अडीच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले, आणि ती कथा पुढे अनेक वर्षे जिद्दीची कथा म्हणून सांगितली गेली. मात्र त्या काळातील त्यांच्या प्रशिक्षकाला १९९७ मध्ये आपल्याच खेळाडूंवरील लैंगिक अत्याचारांसाठी शिक्षा झाली. घरापासून दूर असलेल्या, आणि ज्यांचे भवितव्य एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून आहे अशा मुलांची सुरक्षितता हा प्रश्न त्यानंतर कॅनडाच्या हॉकीला टाळता आला नाही, आणि जिद्दीची कथा सांगताना तो वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मोबदल्याचा प्रश्नही असाच वादाचा आहे. खेळाडूंना पगार मिळत नाही; राहण्याजेवण्याची सोय, हातखर्चापुरती रक्कम आणि शिष्यवृत्ती मिळते. या शिष्यवृत्तीचे तत्त्व असे की लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या उच्च शिक्षणाचे शुल्क दिले जाते. जे पुढे व्यावसायिक खेळाडू होत नाहीत, आणि बहुसंख्य होत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. तरीही संघ तिकिटे विकतात, प्रायोजक मिळवतात आणि काही संघ चांगला नफाही कमावतात, मग खेळाडूंना किमान वेतन का नाही, असा सवाल करून २०१४ मध्ये माजी खेळाडूंच्या वतीने सामूहिक दावे दाखल झाले. २०२० मध्ये ३ कोटी कॅनेडियन डॉलरच्या तडजोडीची घोषणा झाली; पण दरम्यान अनेक प्रांतांनी ज्युनिअर खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळले, त्यामुळे मूळ प्रश्नाचे उत्तर न्यायालयाऐवजी विधिमंडळांनी देऊन टाकले.

गुणतालिका कशी वाचावी

विजयाला दोन गुण, नियमित वेळेतील पराभवाला शून्य आणि अतिरिक्त वेळेत किंवा शूटआउटमध्ये पत्करलेल्या पराभवाला एक गुण मिळतो. साठ मिनिटांत बरोबरी झाली तर पाच मिनिटे तीन विरुद्ध तीन असा मोकळा खेळ होतो आणि तरीही निर्णय झाला नाही तर शूटआउट घेतला जातो. म्हणून संघाची कामगिरी चार आकड्यांत लिहितात : विजय, पराभव, अतिरिक्त वेळेतील पराभव, शूटआउटमधील पराभव. २०२४-२५ मध्ये लंडन नाइट्स संघाची ५५-११-२-० अशी नोंद होती. म्हणजे ६८ सामन्यांत ११२ गुण. (हे लंडन ओंटारियोतले आहे.) बरोबरीत संपलेल्या प्रत्येक सामन्यातून दोनाऐवजी तीन गुण वाटले जात असल्याने तालिकेचा मधला भाग दाटीचा दिसतो, आणि जेमतेम निम्मे सामने जिंकलेला संघही बाद फेरीत सहज पोहोचतो, नाही तरी प्रत्येक लीगचे १६ संघ पुढे जातातच.

वैयक्तिक आकडे वाचताना वय आणि काळ या दोन्हींची जाणीव ठेवावी. एक गोल किंवा गोलसाठी दिलेला एक पास म्हणजे खेळाडूच्या खात्यात एक गुण. मारिओ लेम्यूने १९८३-८४ च्या हंगामात क्यूबेक लीगमध्ये लावालकडून ७० सामन्यांत १३३ गोल व १४९ पासांसह २८२ गुण मिळवले. तो आकडा आज अशक्य कोटीतला वाटतो, कारण तेव्हाचे गोलरक्षण, बचाव आणि एकंदर खेळाची मोकळीक वेगळी होती. त्या मानाने बेडार्डने २०२२-२३ मध्ये ५७ सामन्यांत मिळवलेले १४३ गुण कमी भासतात, पण जाणकार त्या हंगामाची गणना अलीकडच्या सर्वोत्तम हंगामांत करतात. आणि एकाच हंगामात वीस वर्षांच्या खेळाडूचे ९० गुण व सतरा वर्षांच्या मुलाचे ७० गुण समोर असतील, तर एनएचएलचे निरीक्षक बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावापुढे खूण करतात.

जानेवारीचा बाजार

डिसेंबर अखेर ते जानेवारीचा दुसरा आठवडा हा हंगामाचा सर्वांत महत्त्वाचा काळ, आणि गंमत अशी की त्यातला बराचसा भाग बर्फावर घडत नाही. २६ डिसेंबर ते ५ जानेवारी या दिवसांत वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते आणि बलाढ्य संघांचे दोन-चार मोहरे त्यासाठी निघून जातात. त्या दोन-तीन आठवड्यांत अग्रेसर संघ अचानक दुबळ्या संघांकडून हरू लागला, तर तालिकेवर फार विश्वास ठेवू नये.

त्याच सुमारास अदलाबदलीची मुदत संपते. इथे पैशाने खेळाडू विकत घेण्यापेक्षा भविष्यातील ड्राफ्टच्या निवडी आणि कोवळे खेळाडू हेच चलन म्हणून वापरले जातात. विजेतेपदाच्या जवळ असलेला संघ एकोणीस-वीस वर्षांचा तयार खेळाडू घेतो आणि त्याच्या मोबदल्यात सोळा-सतरा वर्षांची मुले व पुढच्या तीन-चार वर्षांच्या निवडी देऊन टाकतो. ज्याला यंदा आशा नाही तो संघ नेमके उलट करतो. शेतकरी बियाण्याचे धान्य विकून एकदा मोठा सण साजरा करतो, तसा हा व्यवहार आहे, फरक इतकाच की इथे सगळे गाव त्याला त्यासाठी टाळ्या देते. अशा रीतीने बहुतेक संघांचे चार वर्षांचे चक्र तयार होते : दोन वर्षे पेरणीची, एक उभारणीची आणि एक सुगीची.

एनएचएलशी असलेल्या करारामुळे या बाजारात ऐनवेळी माल येतो. ज्युनिअर लीगमधून निवडला गेलेला खेळाडू वीस वर्षांचा होईपर्यंत एक तर एनएचएलमध्येच खेळत असे किंवा आपल्या ज्युनिअर संघाकडे परतत असे. मधल्या दर्जाच्या व्यावसायिक लीगमध्ये त्याला पाठवता येत नसे, असा नियम २०२५-२६ च्या हंगामापर्यंत प्रदीर्घ काळ होता. अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूने एनएचएलमध्ये दहावा सामना खेळला की त्याच्या पहिल्या कराराचे एक वर्ष मोजले जाते, म्हणून अनेकांना नऊ सामन्यांनंतर परत पाठवतात. लिऑन ड्रायसाइटलचे तसे झाले नाही. २०१४-१५ मध्ये तो एडमंटनकडून ३७ सामने खेळला आणि मग जानेवारीत त्याला ज्युनिअर हॉकीत परत पाठवण्यात आले. त्याचा आधीचा संघ प्रिन्स अल्बर्टचा. पण केलोना संघाने अदलाबदल करून त्याला मिळवले, त्याच्यासह पश्चिमेकडील लीग जिंकली आणि राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत संघ अतिरिक्त वेळेत हरूनही ड्रायसाइटल स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एनएचएलच्या संघाने अर्ध्या हंगामात घेतलेल्या एका निर्णयाने शेकडो मैलांवरच्या ज्युनिअर लीगचा विजेता ठरू शकतो.

या चक्राला दाद न देणारे संघही आहेत, आणि लंडन नाइट्स हे त्यांचे ठळक उदाहरण. मार्क आणि डेल हंटर या भावांनी २००० मध्ये हा संघ घेतला, तेव्हापासून त्याने २००५, २०१६ आणि २०२५ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली आणि मधल्या काळातही तो क्वचितच ढेपाळला. सुमारे नऊ हजार प्रेक्षकांचे भरलेले स्टेडियम आणि एनएचएलमध्ये खेळाडू पोहोचवण्याची ख्याती यांमुळे इतरत्र जाण्यास राजी नसलेले गुणी खेळाडूही लंडनला यायला तयार होतात. ड्राफ्टचा मूळ उद्देश दुबळ्या संघाला आधी संधी देऊन समतोल राखणे हा आहे. खेळाडूच्या इच्छेला थोडी जरी जागा उरली की तो समतोल ढळतो, हे लंडनकडे पाहून स्पष्ट होते.

मे महिना आणि मेमोरियल कप

बाद फेरीत चार टप्पे असतात आणि प्रत्येक टप्पा सात सामन्यांचा, म्हणजे आधी चार जिंकणारा संघ पुढे जातो. साखळीत ६४ किंवा ६८ सामने खेळून झाल्यावर विजेत्याला आणखी किमान १६ विजय मिळवायचे असतात. इथे एकटा तारा पुरत नाही. २०२३ मध्ये बेडार्डने पहिल्या फेरीत सात सामन्यांत २० गुण मिळवले, तरी त्याचा रेजायना संघ सस्काटूनकडून ती फेरी हरला.

तिन्ही लीगचे विजेते मेच्या उत्तरार्धात मेमोरियल कपसाठी भेटतात. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये हा चषक सुरू झाला. स्पर्धेत चार संघ असतात : तीन विजेते आणि एक यजमान. प्रत्येक संघ इतर तिघांशी एकेकदा खेळतो, पहिला थेट अंतिम सामन्यात जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्यांत उपांत्य सामना होतो. यजमान आधीच ठरलेला असल्याने तो आपल्या लीगमध्ये लवकर बाद झाला तरी त्याची जागा पक्की असते, आणि यातून विचित्र प्रसंग उद्भवतात. २०१७ मध्ये विंडसर आणि २०२२ मध्ये सेंट जॉन हे यजमान संघ आपापल्या लीगच्या पहिल्याच फेरीत हरले होते. दोघांनाही महिनाभराहून अधिक विश्रांती मिळाली, सेंट जॉनने तर दरम्यान प्रशिक्षकही बदलला, आणि दोघांनीही चषक जिंकला. लीगचे विजेते दुखापती सोसत दोन महिने झगडून आलेले असतात आणि समोर ताजातवाना यजमान उभा असतो, तेव्हा हे न्याय्य आहे का, असा वाद दर वेळी होतो. माझ्या मते तो वाद रास्त आहे; पण यजमानपदाशिवाय स्टेडियम भरत नाही, हेही तितकेच खरे.

यजमानपदाची दुसरी बाजू रेजायनाने अनुभवली. २०१८ ची स्पर्धा आपल्या घरी होणार म्हणून त्या संघाने भविष्यातील पुंजी मोडून तयार खेळाडू गोळा केले, अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली आणि तो अकाडी-बाथर्स्टकडून ३-० असा गमावला. पुढचे हंगाम पराभवांचे गेले. २०२० मध्ये लीगच्या ड्राफ्टमधील पहिली निवड त्याच रेजायनाच्या वाट्याला आली आणि तिच्यावर त्याने बेडार्डला घेतले.

नवी वाट

गेल्या काही वर्षांत या हिशेबात एक मोठा बदल झाला आहे. अमेरिकेतील विद्यापीठीय हॉकीची नियामक संस्था, म्हणजे एनसीएए, कॅनडाच्या या तीन लीगना व्यावसायिक मानत असे, कारण त्यांत एनएचएलचा करार केलेले खेळाडूही असतात. परिणामी इथे खेळलेल्या मुलाला अमेरिकी विद्यापीठाचे दार बंद होई आणि पंधरा-सोळाव्या वर्षीच एक वाट कायमची निवडावी लागे. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी ही बंदी उठवण्याचा निर्णय झाला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो अमलात आला. त्याचा अर्थ लगेच दिसला. मेडिसिन हॅट संघाच्या गॅव्हिन मॅककेनाने २०२४-२५ मध्ये ५६ सामन्यांत १२९ गुण मिळवून संघाला लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. त्याच्याकडे ज्युनिअर हॉकीची आणखी वर्षे शिल्लक असताना त्याने पेन स्टेट विद्यापीठाची निवड केली.

व्यवस्थापकांसाठी याचा अर्थ असा की जन्मवर्षावरून बांधलेला अंदाज आता पुरेसा राहिलेला नाही. पूर्वी सतरा वर्षांचा उत्तम खेळाडू हाती असला की त्याचे निदान दोन हंगाम गृहीत धरता येत. आता तो आणि त्याचे पालक दर वसंतात पुन्हा विचार करतात. दुसऱ्या बाजूला, विद्यापीठाचा पर्याय गमवावा लागेल या भीतीने पूर्वी जी मुले, विशेषतः अमेरिकी मुले, या लीगकडे फिरकत नसत ती आता सोळाव्या वर्षी येऊ लागली आहेत. म्हणजे तळाशी गर्दी वाढली आहे आणि वरच्या वयाचे खेळाडू दुर्मीळ होऊ लागले आहेत. त्यामुळे जानेवारीच्या बाजारात एकोणीस वर्षांच्या मुरलेल्या खेळाडूची किंमत वाढण्याकडे कल राहील, असे मानायला जागा आहे.

मेमोरियल कपचा अंतिम सामना झाला की वीस वर्षांच्या खेळाडूंची ज्युनिअर कारकीर्द त्याच रात्री संपते. काहींना छोट्या व्यावसायिक लीगचा करार मिळतो, तर बरेच जण शिष्यवृत्ती घेऊन विद्यापीठात जातात. जून अखेरच्या एनएचएल ड्राफ्टमध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत २२४ नावे पुकारतात, पाठोपाठ परदेशी खेळाडूंचा स्वतंत्र ड्राफ्ट होतो आणि ऑगस्टच्या शेवटी सराव शिबिरे उघडतात. तोपर्यंत व्यवस्थापकाच्या फळ्यावरचा एक स्तंभ पुसला गेलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला एका नव्या जन्मवर्षाची नावे लिहिली गेलेली असतात.